पीएस५ घेऊ, एक्सबॉक्स घेऊ की जुना पीएस४? जळगावच्या पार्लरवाल्याचं सविस्तर उत्तर

अमळनेरच्या एका तरुणाने दोन प्रश्न विचारलेत. पहिला असा: "दादा, नवीन नोकरी आहे, बजेट पंचावन्न हजारांपर्यंत. घरी बारावीतला भाऊ, सुटीत आतेभावंडं येतात. पीएस५ घेऊ, एक्सबॉक्स सीरिज एस घेऊ, की मित्र विकतोय तो जुना पीएस४? निन्टेंडोच्या स्विचचं पण खूप ऐकलंय." आणि दुसरा: "नवीन गेम दिसायला भारी असतात, पण सायबर कॅफेत व्हाइस सिटी खेळताना जी मजा यायची ती येत नाही. माझं वय झालं की गेम बिघडले?"

जळगावात माझं गेमिंग पार्लर आहे, मागच्या बाजूला रिपेअरचं टेबल आहे. पोरं पुढे खेळतात आणि मी मागे त्यांचेच रिमोट खोलून बसतो, त्यामुळे कोणता गेम किती दिवस चालतो आणि कोणता कन्सोल कशाने बसतो हे दोन्ही रोज बघायला मिळतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण पहिल्याचं उत्तर त्याच्या पोटात आहे.

तुझं वय झालेलं नाही, भाऊ. गेमची मजा आधी अंगठ्यात असते, मग शेजारी बसलेल्या माणसात, आणि पडद्यावर ती सगळ्यात शेवटी येते. गेल्या काही वर्षांत बहुतेक पैसा या शेवटच्या गोष्टीवर गेला. तुला जे कमी वाटतंय ते पहिल्या दोन ठिकाणी आहे.

अंगठ्याचं आधी बघू. १९८५ चा सुपर मारिओ घे, आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या डुप्लिकेट व्हिडिओ गेमच्या कॅसेटमध्ये सगळ्यांनी खेळलेला. तो अख्खा गेम ४० केबीचा. आज व्हॉट्सअॅपवर आलेला गुड मॉर्निंगचा फोटो त्याच्यापेक्षा मोठा असतो. जागा इतकी कमी की ढग आणि झुडपं एकाच चित्राची आहेत, फक्त रंग बदललाय. पण पहिली लेव्हल नीट आठव. मारिओ डाव्या बाजूला उभा, उजवीकडे सगळं मोकळं, म्हणजे जायचं कुठे ते न सांगता कळलं. पहिला शत्रू हळू चालत येतो, उडी मारायला भरपूर वेळ. लगेच प्रश्नचिन्हाचे ठोकळे, त्यातून निघालेलं मशरूम पुढच्या पाइपला आपटून परत तुझ्याकडेच येतं, त्यामुळे घाबरून पळालास तरी ते मिळण्याची शक्यता जास्त. पुढे पायऱ्यांच्या दोन जोड्या आहेत. पहिल्या जोडीच्या मध्ये जमीन आहे, दुसऱ्या जोडीच्या मध्ये खड्डा. उडी तीच, पण पहिल्यांदा चुकलं तर मरत नाहीस. असा सराव करून घेतलेला आहे आणि पडद्यावर सूचनेची एक ओळ नाही.

आता एखादा नवीन मोठा गेम लाव. पहिला अर्धा तास पडद्यावर चौकोन येत राहतात: हे बटण दाबा, ते धरून ठेवा, इकडे बघा. माझ्याकडे येणारे एक काका, वय पन्नाशीपुढचं, असे दोन गेम बघून म्हणाले, "माले हाऊ गेम जमस नही." त्यांना गाडीचा गेम लावून दिला तर तासभर उठले नाहीत. जमत नव्हतं ते त्या गेमला, शिकवायला.

डिझाइनमधली माझी सगळ्यात आवडती गोष्ट मात्र दिसतच नाही. चांगला गेम तुझ्या बाजूने गुपचूप थोडं खोटं बोलतो. २०१८ चा सेलेस्ट नावाचा उड्यांचा गेम आहे, अवघड म्हणून प्रसिद्ध. त्यात कड्यावरून पाय सुटल्यानंतरही काही फ्रेमपर्यंत (फ्रेम म्हणजे पडद्यावर क्षणभर येणारं एक चित्र) उडीचं बटण चालतं. जमिनीला टेकायच्या आधी किंचित लवकर दाबलंस तरी गेम ते लक्षात ठेवतो आणि टेकल्याबरोबर उडी देतो. तुला वाटतं, काय अचूक मारली! खरं तर तू चुकलेला असतोस. पण तुझ्या मनात जे होतं तेच पडद्यावर घडतं, म्हणून मेलास तरी गेमचा राग येत नाही, स्वतःचा येतो आणि तू परत खेळतोस. २००५ चा रेसिडेंट इव्हिल ४ याच्याही पुढे गेला. तू सारखा मार खात असलास तर तो हळूच सोपा होतो, भारी खेळायला लागलास की कडक होतो, आणि याचा पत्ता लागू देत नाही. मारिओ कार्ट या गाड्यांच्या रेसच्या गेममध्ये मागे पडलेल्याला भारी हत्यार मिळतं, पुढच्याला केळ्याची साल. केळ्याच्या जिल्ह्यात बसून सांगतो, त्या सालीवर घसरलेला माणूस हमखास अजून एक रेस मागतो.

यावर स्पर्धेवाली पोरं माझ्याशी भांडतात. त्यांचं म्हणणं, ही फसवणूक आहे, जिंकणारा जिंकलाच पाहिजे. टेकन या मारामारीच्या गेमसाठी मला ते मान्य आहे. तिथे दोघांनी पैसे लावलेत, मान लावलीय, तिथे एकाला गुपचूप मदत केलेली चालणार नाही. पण ज्या खोलीत मावशी, तिचा सात वर्षांचा पोरगा आणि इंजिनिअरिंगचा भाचा तिघं एकाच सोफ्यावर आहेत, तिथे कडक न्याय म्हणजे दहा मिनिटांत दोघं उठून जाणार. मारिओ कार्ट बनवणाऱ्यांना कोण कुठे बसून खेळणार हे माहीत होतं, म्हणून तो तसा आहे.

ओपन वर्ल्डचं, म्हणजे मोठ्या जगात कुठेही फिरता येणाऱ्या गेमचं थोडक्यात सांगतो. २०१७ च्या ब्रेथ ऑफ द वाइल्डमध्ये टेकड्या अशा रचल्यात की त्रिकोणी चढाच्या मागे काहीतरी अर्धवट दिसत राहतं आणि तू आपोआप तिकडे वळतोस. २०२२ च्या एल्डन रिंगनेही तेच केलं: लांबवर एखादा मनोरा दाखवायचा आणि गप्प बसायचं. याच्या उलट नकाशावर शेकडो खुणा पेरलेले गेम. एकेक खूण पुसत फिरायचं म्हणजे एका सातबाऱ्यासाठी दहा टेबलं फिरल्यासारखं. काम होतं, पण घरी येऊन कुणाला सांगावंसं काही घडत नाही. व्हाइस सिटीचा नकाशा आजच्या मानाने छोटा होता. तरी पोलिसांचे तारे लागले की कोणत्या गल्लीत वळायचं हे तुला पाठ होतं ना? आणि मागे उभे राहून "डावीकडे घे, डावीकडे घे" करणारे चार जण होते, ते विसरू नकोस.

त्या चार जणांवर येतो. माझ्या मते गेम कंपन्यांनी सगळ्यात मोठं नुकसान इथे केलं. एका टीव्हीवर दोघांनी पडदा वाटून खेळायचा प्रकार त्यांनी हळूहळू काढून घेतला. हॅलो हा गेम ज्याच्यावर मोठा झाला ती ही गोष्ट, पण २०१५ च्या हॅलो ५ मध्ये ती नव्हती, आणि हॅलो इन्फिनिटच्या कथेसाठी कबूल केलेलं स्प्लिट स्क्रीन २०२२ मध्ये रद्द झालं. कारण सरळ आहे. पडदा वाटायचा म्हणजे मशीनला तेच जग दोनदा काढावं लागतं, आणि दोन भाऊ एका डिस्कवर भागवतात, म्हणजे दुसरी विक्री गेली. मग सगळे ऑनलाइन, कायम चालणाऱ्या, कायम पैसे मागणाऱ्या गेमच्या मागे लागले. त्याचं काय होतं ते सोनीच्या कॉन्कॉर्डने दाखवलं: २०२४ च्या ऑगस्टअखेर आला आणि दोन आठवड्यांत बंद. लोकांना पैसे परत केले, पण ज्यांनी वर्षानुवर्षं त्यावर काम केलं त्यांचं काय?

उलट उदाहरणंही आहेत, आणि ती तुझ्या कामाची आहेत. इट टेक्स टू हा २०२१ चा गेम एकट्याने खेळताच येत नाही, दोघंच लागतात. त्याला त्या वर्षीचा गेम ऑफ द इयर मिळाला. त्याच स्टुडिओचा स्प्लिट फिक्शन २०२५ मध्ये आला, तोही दोघांचाच. धाकट्या भावाबरोबर हे दोन संपव आणि मग मला सांग गेम बिघडलेत का. आपल्या पुण्याच्या नॉडिंग हेड्सचा २०२० चा राजी पण बघ. एकट्याचा गेम आहे, मारामारी पुढे पुढे तीच ती वाटते, पण त्यातले महाल आणि भिंतींवरच्या चित्रांतून सांगितलेल्या गोष्टी बघताना आपलं काहीतरी बघतोय असं वाटतं.

आता कन्सोल. आधी एक सांगतो: टेराफ्लॉपच्या, म्हणजे मशीनच्या ताकदीच्या आकड्यांवर वाद घालू नकोस. एक्सबॉक्सचा मोठा सीरिज एक्स १२, पीएस५ साधारण १०.३, सीरिज एस ४. पहिल्या दोघांतला फरक पार्लरमध्ये कुणालाही दाखवता आलेला नाही. फक्त सीरिज एसचा आकडा कधीकधी खरंच आड येतो, कारण त्याची मेमरीही कमी आहे, १० जीबी. २०२३ चा बाल्डर्स गेट ३ एक्सबॉक्सवर उशिरा आला तो यामुळेच, आणि शेवटी सीरिज एसवर स्प्लिट स्क्रीनशिवाय आला. नेमकी तीच गोष्ट तेव्हा गेली जी तुझ्या घराला हवी आहे, आणि ती मिळायला २०२५ चं अपडेट यावं लागलं.

"एक्सबॉक्सचे गेम पीएसवर मिळत नाहीत" हा मुद्दाही आता जुना झाला. २०२४ पासून मायक्रोसॉफ्टने स्वतःचे गेम पीएस५ वर द्यायला सुरुवात केली. सी ऑफ थीव्ह्ज आला, २०२५ मध्ये फोर्झा होरायझन ५ आला. सोनी तिचे मोठे गेम पीसीवर विकते. आपलं घर बंद ठेवून बसलेली एकच कंपनी उरली, निन्टेंडो. गंमत म्हणजे मी वर ज्या डिझाइनचं इतकं कौतुक केलं त्यातलं निम्मं तिचंच. पण स्विच २०१७ पासून आणि स्विच २ जून २०२५ पासून जगात विकला जातोय, तो आपल्याकडे कंपनीने अधिकृत आणलेला नाही. मिळतो तो बाहेरून आलेला. वॉरंटी दुकानदाराच्या शब्दावर, गेम महाग, आणि जुन्या गेमचा बाजार आपल्याकडे जवळजवळ नाही. हाताशी दुसरा कन्सोल असेल आणि हौस असेल तर जरूर घे. पहिला म्हणून नको.

राहिले पीएस५ आणि सीरिज एस. सीरिज एस छोटा, स्वस्त, वीज कमी खातो, गरम कमी होतो. पण त्यात डिस्क घालता येत नाही. गेम साठवायच्या ५१२ जीबी जागेतली वापरायला मिळते सुमारे ३६४, म्हणजे मोठे तीन-चार गेम झाले की काढ-घाल सुरू. आणि काढ-घाल म्हणजे डाउनलोड. ४० एमबीपीएसचं कनेक्शन सलग पूर्ण वेगाने चाललं तरी १०० जीबीला साडेपाच तास लागतात. अमळनेरला ते सलग चालतं का हे तू मला सांग. एक्सबॉक्सच्या गेम पासमध्ये वर्गणीवर शेकडो गेम मिळतात हे खरंय, पण त्याची किंमत गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा वाढली, आणि वर्गणी थांबली की गेम गेले. चांगलं नेट असलेला, एकटा राहणारा, दर महिन्याला नवं काहीतरी चाखणारा माणूस असेल तर मी त्याला सीरिज एसच सांगतो. तू तो माणूस नाहीस.

तुला डिस्कवाला पीएस५ स्लिम. २०२४ च्या एप्रिलमध्ये तो भारतात आला तेव्हा ५४,९९० ला होता, डिजिटलवाला ४४,९९०. पैसे वाचतात म्हणून बिनडिस्कचा डिजिटल घेऊ नकोस. डिस्कचा गेम संपला की विकता येतो, मित्राशी बदलता येतो. जळगाव, भुसावळ, धुळ्यात पोरांची ही देवाणघेवाण जोरात चालते, आणि वर्षभरात ते जादा पैसे सहज वसूल होतात. शिवाय पीएस४ च्या डिस्क जवळपास सगळ्या त्यात चालतात, म्हणजे जुन्या बाजारातले स्वस्त गेमही तुझेच. डिजिटल स्लिमला डिस्क ड्राइव्ह नंतरही जोडता येतो, पण पहिल्यांदा जोडताना इंटरनेट लागतं, हे लक्षात ठेव. पीएस५ प्रोचा विचारच करू नकोस. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तो आला तेव्हा वायफायच्या ६ गिगाहर्ट्झ पट्ट्याच्या परवानगीमुळे भारतात विक्रीला आलाच नव्हता, आणि तुझ्या बजेटचं ते काम नाही. आणि हो, एका खोलीत बसून खेळायला कोणतीही वर्गणी लागत नाही. विकत घेतलेला गेम ऑनलाइन खेळायचा तर दोन्हीकडे लागते.

दुसरा कंट्रोलर मात्र पहिल्याच दिवशी घे. बजेट ताणलं जात असेल तर सोबत घ्यायच्या नव्या गेमचे पैसे त्यात घाल, गेम जुना घे. पाच हजारांचा गेम आणि एकच कंट्रोलर घेऊन गेलेला गिऱ्हाईक महिन्याभरात कन्सोल विकायला येतो, हे मी खूपदा पाहिलंय.

टीव्हीचं कुणी सांगत नाही म्हणून सांगतो. नव्या टीव्हीत चित्र गुळगुळीत करायची यंत्रणा असते. ती प्रत्येक फ्रेम थांबवून धरते, आणि बटण दाबल्यापासून पडद्यावर हलेपर्यंत उशीर होतो. ६० फ्रेमच्या गेममध्ये एक फ्रेम म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद. १०० मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे सहा फ्रेम गेल्या, आणि वर सेलेस्टचं जे सांगितलं ते सगळं नाजूक काम पाण्यात. टीव्हीच्या सेटिंगमध्ये गेम मोड असतो, तो चालू कर. "नव्या गेममध्ये मजा नाही" म्हणणाऱ्या कितीतरी जणांचा आजार एवढ्याने बरा झालाय. आणि गेममध्ये क्वालिटी (चित्र सुंदर) की परफॉर्मन्स (खेळ वेगवान) असं विचारलं तर डोळे मिटून परफॉर्मन्स.

आता आपल्या खानदेशचं. पीएस५ च्या माहितीपत्रकात चालवायचं तापमान ५ ते ३५ अंश लिहिलंय. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४४-४५ ला जातो, आणि पत्र्याच्या खोलीत दुपारी काय होतं ते वेगळं सांगायला नको. मशीन लगेच मरत नाही, पंखा ओरडतो, मग गरम झाल्याची सूचना येते, मग बंद पडतं. दुपारी बारा ते पाच बिनाकूलरच्या खोलीत मोठा गेम लावू नकोस. टीव्हीच्या कपाटात काचेमागे तर कधीच ठेवू नकोस, चारही बाजूंनी वीतभर जागा सोड. कूलरची थंड हवा खोलीला हवी, मशीनच्या तोंडावर नको, कारण तिच्यात पाणी असतं. धूळ आणि जिनिंगच्या आसपास कापसाचे तंतू आतल्या जाळीत नमद्यासारखे बसतात. पीएस५ ची बाजूची पाती काढली की धूळ ओढायची भोकं दिसतात, तिथे व्हॅक्यूम लाव. त्याच्या आत स्वतः शिरू नकोस. चिपवर लिक्विड मेटल आहे, ते वाहून बोर्डावर गेलं तर मदरबोर्डच जातो.

लाइटचं पण बघ. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट घेतो, वर टीव्ही. घरचा इन्व्हर्टर तेवढं ओढेल, पण तो साइन वेव्हचा आहे का ते विचार. स्क्वेअर वेव्हवर पॉवर सप्लाय गुणगुणतो आणि तापतो. लाइट जायचा नेम नसेल तर रेस्ट मोडवर ठेवण्याऐवजी मशीन पूर्ण बंद करत जा. सेव्ह होत असताना लाइट गेली की फाइल खराब होते, आणि भाऊ तुला जबाबदार धरेल.

स्टिक आपोआप सरकायला लागली, म्हणजे ड्रिफ्ट, तर घाबरू नकोस. सगळ्याच कंपन्यांच्या साध्या कंट्रोलरमध्ये स्टिकखाली कार्बनचा पट्टा घासला जातो, तो झिजतो, आणि आपली धूळ त्याला मदत करते. हॉल इफेक्ट म्हणजे चुंबकाच्या स्टिक बसवून मिळतात, त्यात घासणारा पट्टाच नसतो. वॉरंटी संपेपर्यंत मात्र कंट्रोलर खोलू देऊ नकोस, मलाही नाही.

राहिला मित्राचा पीएस४. फुटबॉल आणि क्रिकेट एवढंच खेळायचं असेल तर अजूनही वाईट नाही, क्रिकेट २४ त्यावर चालतो. पण टेकन ८, स्प्लिट फिक्शन त्यावर नाहीत, आणि व्हाइस सिटीच्याच मालिकेतला पुढचा जीटीएसुद्धा पीएस५ आणि एक्सबॉक्स सीरिजसाठीच जाहीर झालाय. पीएस५ चे पैसे जमायला वर्ष लागणार असेल तरच तो घे. घेण्याआधी मोठा गेम लावून पाऊण तास चालव आणि पंख्याचा आवाज ऐक. डिस्क दोनदा आत-बाहेर कर. एचडीएमआयची पिन टॉर्च लावून बघ, वाकलेली असेल तर भाव पाड. आणि मित्राला त्याच्यासमोरच त्याचं अकाउंट काढायला सांग, नंतर तो फोन उचलत नाही.